एक एमएमच्या पत्र्याला कोणतं वेल्डिंग? आणि पत्रा कोणता?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीजवळ आमचं लहान वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, ट्रॉलीची डागडुजी, जनावरांच्या गव्हाणी, असं काम चालतं. हल्ली आसपासचे शेतकरी विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरसाठी पेट्या मागायला लागलेत. तयार मिळणाऱ्या पेट्या पार कागदासारख्या असतात. तळाचा कोपरा गंजतो, दार लोंबकळतं आणि पावसाचं पाणी थेट स्टार्टरवर जातं. या पाण्यामुळे माणसं शॉक लागून जातात, म्हणून हे काम मला चांगलंच करायचंय.

पेटीचा अंदाज: ६०० उंच, ४५० रुंद, २५० खोल. पत्रा १ किंवा १.२ एमएम.

अडचण अशी. माझ्याकडे २०० अँपिअरचं इन्व्हर्टर आर्क मशीन आहे. १२ नंबरचा रॉड लावला की पत्र्याला भोक पडतं, करंट उतरवला की रॉड चिकटतो. आता एकच नवीन मशीन घेण्याइतके पैसे आहेत. मिग (वायूच्या आवरणात तार आपोआप पुढे सरकते ते) घ्यावं, टिग (टंगस्टनच्या टोकाचं) घ्यावं की स्पॉट (दोन पत्रे दाबून ठिपक्याने जोडणारं)? आणि पत्रा साधा सीआरसीए (बिनलेपाचा), जीआय (जस्ताच्या लेपाचा) की स्टेनलेस? आमच्याकडे सिंगल फेज कायम असते, थ्री फेजला वेळापत्रक आहे.

पत्रामित्र
मिग घ्या. विषय संपला.

वेल्डर_ताई
पत्रामित्र, विषय आत्ता कुठे सुरू झालाय!

कृष्णाकाठ दादा, मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला शिकवते. तुमच्या अडचणीचं मूळ आधी सांगते. कच्चा हिशोब असा की साध्या लोखंडी पत्र्याला दर एक एमएम जाडीमागे ४० अँपिअरच्या आसपास करंट पुरतो. १२ नंबर म्हणजे २.५ एमएमचा ६०१३ रॉड मात्र साठ-सत्तरच्या खाली नीट पेटतच नाही. रॉडला जेवढं लागतं तेवढं पत्र्याला सोसत नाही, आणि पत्र्याला सोसतं तेवढ्यात रॉड चालत नाही. यात तुमच्या हाताचा काहीच दोष नाही.

नवीन मशीन येईपर्यंत आर्कवरच काम काढायचं असेल तर १४ नंबरचा, म्हणजे २ एमएमचा रॉड आणा. तो चाळीस-पन्नासवर चालतो. होल्डर निगेटिव्हला आणि अर्थ पॉझिटिव्हला लावा, म्हणजे पत्र्यात आग कमी शिरते. जॉब उभा किंवा तिरका ठेवून वरून खाली या. सांध्यामागे तांब्याची जाड पट्टी शिकंज्याने घट्ट दाबून धरा. तांबं उष्णता झटकन ओढून घेतं आणि लोखंड त्याला चिकटत नाही, त्यामुळे वितळलेला धातू खाली गळत नाही. आणि एका दमात वेल्डिंगचा लांब पट्टा, म्हणजे रन, मारू नका. इथे दोन सेंटीमीटर, मग पार दुसऱ्या टोकाला दोन सेंटीमीटर, असं फिरत राहा.

पेटी तयार होईल. पण रोजच्या धंद्याला हा मार्ग फार सावकाशीचा आहे, हेही सांगते.

भोसरीवाला
ताईंच्या सगळ्या मुद्द्यांना अनुमोदन. पण मशीनच्या आधी पेटीचं ड्रॉइंग काढा. आम्ही कंट्रोल पॅनेलच्या बॉडी बनवतो, त्यावरून सांगतो.

कृष्णाकाठ, तुमच्या मापाची पेटी पाच तुकडे जोडून केली तर वेल्डिंग किती येतं बघा. पाठीच्या चारही बाजू मिळून २१०० एमएम, बाजूंचे चार कोपरे २५० चे, म्हणजे १०००. एकूण ३.१ मीटर. आता तीच पेटी एका पत्र्यातून काढा. मध्ये पाठ, चारही बाजूंना पाकळ्या, चारी कोपऱ्यांचे चौकोन कापलेले. बेंडिंग मशीनवर पाकळ्या उभ्या केल्या की जोडायचे राहतात फक्त चार कोपरे. एक मीटर. दोन तृतीयांश वेल्डिंग गेलंच, आणि पाठीचा पत्रा तापलाच नाही म्हणजे त्याला पोटही येणार नाही.

पुढे दाराच्या बाजूला २५ एमएमची दुमड धरली तर कापायचा तुकडा साधारण ११५० बाय १००० होतो. २५०० बाय १२५० च्या शीटमध्ये असे दोन बसतात. उरलेल्या पट्टीतून आतले चॅनल आणि बिजागरीच्या पट्ट्या निघतात. बेंडिंग मशीन नसेल तर कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत जॉबवर्क करून घ्या, लेझर कटिंगही तिथे मिळेल.

पातळ पत्र्यात चांगलं वेल्डिंग म्हणजे मुळात कमी वेल्डिंग. सांधा कुठे आणि कसा, हे ठरलं की मशीन कोणतं हे आपोआप ठरतं.

कृष्णाकाठ
भोसरीवाला, हा हिशोब मी केलाच नव्हता. डोक्यात पाच तुकडेच होते. मनापासून आभार.

रानमळा
मी वापरणारा शेतकरी म्हणून बोलतो. पेटी कुठून सडते? तळाच्या मागच्या कोपऱ्यातून आणि केबल आत येते त्या भोकापाशी. केबल घासून रंग जातो, तिथे गंज धरतो. शिवाय ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांची पेटी बहुधा खताच्या टाकीशेजारीच असते. युरिया, पोटॅश, आम्ल यांचे शिंतोडे रोज उडतात. साधा पत्रा रंगवून ठेवलात तर त्यापुढे टिकाव लागत नाही. माझं मत जीआयला.

आणि केबलचं भोक मोकळं ठेवू नका, केबलभोवती घट्ट बसणारी ग्लँड बसवा. पाल आत शिरते, कॉन्टॅक्टमध्ये मरते आणि ऐन पाणी द्यायच्या रात्री मोटार बंद. मुंग्यांचंही तेच.

भोसरीवाला
रानमळा, शिंतोड्यांचा मुद्दा बरोबर, पण रंगवलेला पत्रा आणि नीट पावडर कोटिंग केलेला पत्रा यांत फार अंतर आहे. सीआरसीएला सेव्हन टँक प्रक्रिया करून, म्हणजे तेल काढून, गंज काढून, फॉस्फेटिंग करून, मग पावडर मारून १८० ते २०० अंशांवर भाजली तर ती वर्षानुवर्षं टिकते. टिकत नाही कुठे? जिथे वेल्डिंग वाईट आहे तिथे.

दोन गोष्टी खास लिहून ठेवा. एक, पत्र्यावर पत्रा चढवून कडेने जोडलात तर मधल्या फटीत सेव्हन टँकमधलं आम्ल शिरतं. बाहेरून कोटिंग छान दिसतं आणि काही महिन्यांनी सांध्यातून तांबडे ओघळ येतात. म्हणून कोपरा कडेला कड भिडवून करा. दोन, मिगच्या रनवर काचेसारखे तपकिरी ठिपके राहतात, आर्कच्या रनवर स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाची खपली, राहतो. त्यावर पावडर धरत नाही. घासून काढाच. आणि शिंतोडे चिकटू नयेत म्हणून मारायचा स्प्रे सिलिकॉन नसलेला घ्या. सिलिकॉन राहिलं तर कोटिंगला माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात.

रानमळा
सेव्हन टँक करणारा आमच्या तालुक्याला नाही. इथे 'पावडर कोटिंग' म्हणजे पत्रा फडक्याने पुसून पावडर मारणं. म्हणून म्हणतो जीआय.

नवखा_फिटर
जीआयला वेल्डिंग करता येतं का पण? आमच्या इथे धूर फार होतो आणि रनला भोकं भोकं राहतात.

डॉ_गवती
तांत्रिक उत्तर इतर देतील, पण धुराबद्दल मी लिहिते. जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला दीड हजाराच्या आसपास तापमान लागतं. म्हणजे जीआयचं वेल्डिंग होईपर्यंत तिथलं जस्त वाफ होऊन गेलेलं असतं. तोच पांढरा धूर. तो छातीत गेला की काही तासांनी, बहुतेकदा संध्याकाळी घरी गेल्यावर, हुडहुडी भरते, ताप चढतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. मलेरिया किंवा फ्लू समजून माणसं दवाखान्यात येतात. एक-दोन दिवसांत उतरतं, पण पुन्हा पुन्हा होऊ देण्यासारखी ही गोष्ट नाही. दम्याच्या रुग्णाने तर लांबच राहावं.

दूध प्यायलं की किंवा गूळ खाल्ला की त्रास होत नाही, हा समज आमच्या भागात पक्का आहे. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. धूर ओढणारा पंखा, मोकळी हवा, धुरासाठीचा चांगल्या दर्जाचा मास्क हाच उपाय. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. छातीत दुखणं किंवा धाप लागणं असेल तर वाट न बघता डॉक्टरकडे जा आणि वेल्डिंग करत होतो हे आवर्जून सांगा.

नवखा_फिटर
डॉक्टर ताई, धन्यवाद. आमच्या मालकांना हे वाचून दाखवतो.

वेल्डर_ताई
रनमधल्या भोकांचं कारणही डॉक्टरांच्या उत्तरातच आहे. जस्ताची वाफ वितळलेल्या लोखंडातून बाहेर पडते, काही आतच अडकते. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंनी वीसेक एमएम जस्त आधी घासून काढायचं, तेही मास्क लावूनच. वेल्डिंग झाल्यावर त्या पट्ट्यावर जस्ताचं प्रमाण भरपूर असलेला रंग द्यायचा. आतल्या बाजूनेही.

आजोळ_वाई
थोडं विषयांतर. आमच्या आजोळी जीआय पत्र्याच्या धान्याच्या कोठ्या होत्या, आणि त्यांत वेल्डिंगचा एक थेंब नव्हता. कडा एकमेकांत दुमडून, ठोकून बसवलेल्या आणि वरून डाख दिलेला. तांबट आळीतले कारागीर दारात येऊन तळ बदलून द्यायचे. तापवलेल्या तांब्याच्या टोकाला नवसागर लावून डाख कसा सरसर पळायचा, ते बघत आम्ही पोरं बसायचो. मग स्टार्टरच्या पेटीला दुमडीचे सांधे का नकोत?

पत्रामित्र
डाखात शिसं असतं ना पण? धान्याच्या कोठीला?

आजोळ_वाई
हो, साध्या डाखात कथील आणि शिसं दोन्ही असतं. खाण्याच्या नि पिण्याच्या भांड्यांना आता बिनशिशाचाच वापरावा. स्टार्टरच्या पेटीला तो प्रश्न नाही.

भोसरीवाला
आजोळ, तुमचं म्हणणं अगदी विचार करण्यासारखं आहे. विमानाचा पत्रासुद्धा मुख्यतः रिव्हेटनेच जोडतात. जीआय घ्यायचंच असेल तर वेल्डिंग टाळणं हाच त्याचा खरा मान. कोपऱ्यावर एका पाकळीला १५ एमएमची कड आतल्या बाजूला वळवा, शेजारच्या पाकळीवर बसवा, मध्ये पॉलियुरेथेन सीलंट, आणि दर ४० एमएमवर पॉप रिव्हेट. वर उल्लेख केलेला आम्ल अडकण्याचा धोका इथे नाही, कारण जीआयला त्या टाक्यांत बुडवायचंच नसतं.

जीआय घेताना लेप बघून घ्या. झेड १२० आणि झेड २७५ दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात. २७५ म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, एका बाजूला साधारण १९-२० मायक्रॉन. १२० मध्ये ते निम्म्याहूनही कमी. शेतात उभं राहायचं तर २७५. कापलेल्या कडेची फार चिंता नको. पातळ पत्र्यात शेजारचं जस्त स्वतः झिजून कडेचं लोखंड वाचवतं.

सातेरी
आमच्या गोव्यात समुद्राजवळ जीआयही लवकर पांढरं पडतं. किनाऱ्यावरच्या पंपांना, मासळीच्या आवारातल्या पेट्यांना आम्ही स्टेनलेसच देतो. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसवरही खाऱ्या हवेत चहाच्या डागांसारखे तांबूस डाग येतात, म्हणून अगदी पाण्याच्या कडेला ३१६. त्यात मॉलिब्डेनम असतं, दोन-तीन टक्के. सांगलीला एवढं नक्कीच लागणार नाही, पण दापोली-मालवणकडून ऑर्डर आली तर लक्षात ठेवा.

एक सावधगिरी: स्टेनलेस म्हणून २०२ विकला जातो. त्यात निकेल कमी आणि मँगेनीझ जास्त असतं, गंजाला तो ३०४ इतका टिकत नाही. लोहचुंबकाने दोघांतला फरक कळत नाही. गिरणीचं सर्टिफिकेट मागा किंवा तपासणीचे थेंब मिळतात ते वापरा.

कृष्णाकाठ
सातेरी, स्टेनलेसला माझ्या आर्कवर ३०८ चा रॉड लावून जमेल का?

सातेरी
एक एमएमला नको. स्टेनलेस उष्णता पसरू देत नाही, साध्या लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच वाहून नेतं, आणि तापलं की त्याच्या दीडपट फुगतं. म्हणजे सगळी आग सांध्यापाशी साठते आणि पत्रा पापडासारखा वळतो. टिगच हवं. ३०४ ला ३०८एल ची फिलर, म्हणजे सांध्यात भरायची तार, ३१६ ला ३१६एल, आणि स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचं असेल तर ३०९एल. मागून आर्गॉन दिला नाही तर आतली बाजू काळी, खडबडीत होते आणि पुढे तिथूनच गंजते. वरचा निळा-जांभळा पट्टाही साफ करायला हवा. आणि लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चकती किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसवर अजिबात फिरवू नका. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि तेच गंजतात.

वेल्डर_ताई
टिगचा विषय निघालाच आहे तर सांगते. ही पद्धतच मुळी पातळ कामासाठी जन्मली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नॉर्थ्रप विमान कंपनीतल्या रसेल मेरेडिथने मॅग्नेशियम जोडण्यासाठी टंगस्टनचा इलेक्ट्रोड आणि हेलियम वायू वापरला. पेटंट १९४२ चं. आपल्याकडे हेलियमऐवजी आर्गॉन वापरतात.

पेटीच्या बाहेरच्या कोपऱ्याला टिग म्हणजे सुख आहे. कडेला कड नीट भिडलेली असेल तर फिलरही लागत नाही. पस्तीस-चाळीस अँपिअरवर दोन्ही कडा वितळून एक होतात, घासायलाही जवळपास काही उरत नाही. पण कड अर्धा एमएम जरी उघडी राहिली तरी भोक. म्हणजे कटिंग आणि बेंडिंग अचूक हवं. शिवाय पत्रा तेल पुसून स्वच्छ हवा, हात बसायला वेळ लागतो आणि वेग मिगपेक्षा बराच कमी. अ‍ॅल्युमिनियम करायचं असेल तर एसी टिग लागतं, कारण ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या वर वितळतो आणि खालचं अ‍ॅल्युमिनियम ६६० ला. स्वस्त डीसी मशीनवर ते होत नाही, हे दुकानदार नेहमी सांगतोच असं नाही.

नवखा_फिटर
एक प्रश्न घुसडतो. मोटारसायकलची पेट्रोलची टाकी गळतेय. रिकामी करून उन्हात वाळवली तर वेल्डिंग करू शकतो का?

भोसरीवाला
नाही. नाही. नाही.

वेल्डर_ताई
अजिबात नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत हवा आणि पेट्रोलची वाफ यांचं मिश्रण असतं. उन्हात वाळवून ते जात नाही. पत्र्याच्या दुमडीत आणि गंजाच्या थरात पेट्रोल मुरलेलं असतं, वेल्डिंगच्या आगीने तेच पुन्हा वाफ होऊन बाहेर येतं. टाकी बदला, किंवा ज्याच्याकडे टाकी धुऊन, वाफेने शुद्ध करून, आत निष्क्रिय वायू भरून काम करण्याची सोय आहे त्याच्याकडे द्या. मी विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यातच हे सांगते. डिझेलच्या टाकीला, तेलाच्या पिंपालाही हाच नियम.

नवखा_फिटर
ठीक आहे ताई, हात लावत नाही.

श्टुटगार्टकर
हा धागा वाचून फार बरं वाटलं. मी इथे जर्मनीत, श्टुटगार्टला गाड्यांच्या बॉडीवर काम करतो. जस्ताचा लेप असलेला पत्रा जोडायचा कसा, हा इथला रोजचा प्रश्न. याच गावच्या पोर्शने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ची बॉडी जस्तलेपित पत्र्याची केली, आणि आज बहुतेक गाड्यांत तसाच पत्रा असतो.

दोन मार्ग आहेत. पहिला स्पॉट. दोन पत्रे तांब्याच्या टोकांत दाबून काही हजार अँपिअर क्षणभर सोडायचे. जस्त फक्त ठिपक्यापुरतं जातं. तोटा एवढाच की जस्त तांब्याच्या टोकाशी मिसळून तिथे पितळ तयार होतं, टोक पसरतं आणि ठिपका कमजोर होतो. म्हणून टोक वरचेवर घासून पूर्ववत करावं लागतं. दुसरा मार्ग मिग ब्रेझिंग. मशीन मिगचंच, पण तार तांबं-सिलिकॉनची, सीयूएसआय३ नावाची, आणि वायू शुद्ध आर्गॉन. ही तार हजार अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे खालचं लोखंड वितळतच नाही. जस्त कमी जळतं, पत्रा कमी वाकतो, आणि सांधा तांब्याचा असल्यामुळे तो स्वतः गंजत नाही. दुरुस्तीच्या कामात आम्हाला याचा खूप उपयोग होतो. कृष्णाकाठ, मिग घेतलंत तर तार, लायनर (तार ज्यातून सरकते ती नळी), वायू आणि रोलर बदलून हेही करता येईल. तार महाग आहे, पण पेटीला एकच मीटर सांधा असेल तर परवडावी.

पत्रामित्र
हल्ली हातात धरायची फायबर लेझर वेल्डिंग मशीन आलीत. पातळ पत्र्याला त्याहून चांगलं काही नाही. चाकणला पाहिलं, पत्रा वाकतच नाही.

श्टुटगार्टकर
काम सुंदर होतं, खरं आहे. पण तो किरण डोळ्याला दिसत नाही आणि चकचकीत पत्र्यावरून परावर्तित होऊन पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा डोळा कायमचा घालवू शकतो. वेल्डिंगची काळी काच त्याला चालत नाही, त्या तरंगलांबीसाठीचाच चष्मा लागतो. त्याशिवाय बंदिस्त जागा, दार उघडलं की बंद होणारी यंत्रणा. रस्त्यालगतच्या उघड्या शेडमध्ये, जिथे गिऱ्हाईक आणि पोरंबाळं येऊन उभी राहतात, तिथे ते मशीन आणू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

रानमळा
स्पॉटबद्दल कुणी बोललं नाही पुढे. कृष्णाकाठला ते घेता येईल का?

भोसरीवाला
पेडलचं स्पॉट मशीन एक अधिक एक एमएमला मस्त, आतले चॅनल, बिजागरीच्या पट्ट्या पटापट बसतात, ना वायू ना तार. पण क्षणापुरता का होईना, लोड जबरदस्त घेतं. गावाकडच्या सिंगल फेजवर व्होल्टेज बसलं की ठिपका वरून छान दिसतो आणि आत पकड नसते. पहिलं मशीन म्हणून नको. पुढे घेतलंत तर रोज सकाळी दोन तुकडे जोडून छिन्नीने फाडून बघा. एका पत्र्यातून बटणासारखा गोल तुकडा उपटून आला तर ठिपका पक्का. नुसतं सुटलं तर सेटिंग बदला.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. दोनदा वाचून काढलं सगळं. आता असं ठरवतोय:

पेटी एकाच तुकड्यातून, कटिंग-बेंडिंग जॉबवर्कने. जाडी १.२, कारण दार लोंबकळायचं मुख्य कारण पातळ पत्रा आणि बिजागरीमागे आधार नसणं हेच दिसतंय. नेहमीच्या पेट्या जीआय झेड २७५ च्या, सीलंट आणि रिव्हेटने. ज्यांना रंगीत हवी त्यांना सीआरसीए, कोपऱ्यांना मिग, आणि सेव्हन टँक असलेल्या ठिकाणाहूनच पावडर, भले गाडीभाडं लागो. म्हणजे मशीन मिग. स्टेनलेसची ऑर्डर आली तर टिगवाल्याकडून करून घेईन.

मिगचं सेटिंग कुणी सांगेल का? आणि वायू कोणता, सीओटू पुरेल?

पत्रामित्र
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं, मिग घ्या!

वेल्डर_ताई
हो पत्रामित्र, उत्तर तुमचंच आलं. फक्त आता ते कशासाठी घ्यायचं हे कळलंय.

दादा, तार ०.८ एमएमची, ईआर७०एस-६. सीओटू स्वस्त आणि चालतो, पण शिंतोडे जास्त उडतात आणि आच तीव्र. पातळ पत्र्याला ८० टक्के आर्गॉन, २० टक्के सीओटूचं मिश्रण घ्या, घासायचे कष्ट वाचतात त्यातच पैसे निघतात. सीओटूच घेतला तर रेग्युलेटरला हीटर असलेला घ्या, नाहीतर सलग कामात बर्फ धरतो.

मिश्रणावर १५ ते १७ व्होल्टच्या दरम्यान सुरुवात करा, सीओटूवर एखाद-दोन व्होल्ट वर. तारेचा वेग मिनिटाला तीन-साडेतीन मीटरपासून सुरू करून टाकाऊ तुकड्यावर जमवा. आवाजावर कान ठेवा. कढईत भजी सोडल्यावर येते तशी एकसारखी चरचर आली की सेटिंग जमलं. फटफट आवाज करत तार पत्र्याला ढोसायला लागली तर वेग जास्त आहे, टोकाला गोळा होऊन थेंब पडायला लागले तर कमी. वायू मिनिटाला दहा लिटरच्या आसपास, आणि त्या वेळी टेबलफॅन बंद. तार नोझलबाहेर आठ-दहा एमएमच. टॉर्च पुढे ढकलत चला, उभ्या सांध्याला वरून खाली.

साध्या तारेला टॉर्च पॉझिटिव्ह असते. बिनवायूची फ्लक्सवाली तार लावली तर टॉर्च निगेटिव्ह करावी लागते. मशीनच्या आत दोन पट्ट्या अदलाबदल करायच्या असतात, विक्रेत्याकडून ते दाखवूनच घ्या.

कोपरा आधी दोन टोकांना आणि मध्ये टाचून घ्या, गुण्या लावून काटकोन बघा, मग पंचवीस एमएमचे तुकडे आलटून पालटून चारही कोपऱ्यांवर फिरत मारा. एक कोपरा पूर्ण करून दुसऱ्याकडे जायचं नाही.

रानमळा
आमच्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. वरचा पत्रा मागे उतरता करा, पाणी दाराकडे येता कामा नये. आणि दाराच्या चौकटीची दुमड बाहेरच्या बाजूला पन्हळीसारखी उभी करा, म्हणजे रबरापर्यंत पाणी पोचायच्या आत बाजूने निघून जाईल.

भोसरीवाला
पन्हळीबद्दल शंभर टक्के. आणि अर्थिंगचा स्टड विसरू नका. बॉडीला एक, दाराला वेगळा, दोघांत लवचीक वायर. बिजागरीवर भरवसा ठेवू नका, कोटिंगमुळे तिथे संपर्क तुटतो. स्टडच्या जागेवर पावडर मारताना मास्किंग टेप लावायला सांगा.

कृष्णाकाठ
लिहून घेतलं. तळाला घाम निथळायला भोक ठेवायचं का? ठेवलं तर मुंग्या येतील ना?

सातेरी
ठेवाच. पेटी कितीही घट्ट केली तरी रात्री आत दव धरतं. सर्वात खालच्या कोपऱ्यात पाच-सहा एमएमचं भोक, आतून स्टेनलेसची बारीक जाळी सीलंटने चिकटवलेली. भोक पत्रा सपाट असतानाच पाडा, बेंडिंगच्या आधी. जीआयला कडेला जस्ताचा रंग लावा.

कृष्णाकाठ
झालं तर मग. नमुन्याची पेटी रानमळांच्या सूचनेप्रमाणे उतरत्या माथ्याची काढतो. ड्रॉइंग इथेच टाकेन, भोसरीवाला, बेंडिंगचे अलाउन्स, म्हणजे वळणासाठी धरायची मापं, तेवढी तपासून द्या.